हवा भरायचा पॅडल बोर्ड, जो बसून कयाकसारखाही वल्हवता येतो: कोणता घ्यावा?

शिंपले | रविवार, ९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेली खरेदी आहे. जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय, म्हणून इथे विचारते.

आम्ही पुण्यात राहतो. सासर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या खाडीपासून चालत पाच मिनिटांवर. महिन्यातून एकदा तरी जाणं होतं. नवरा आणि मी दोघंही पोहतो, मुलगी ११ वर्षांची आहे, ती गेल्या वर्षी पोहायला शिकली. मे महिन्यात देवबागला भाड्याच्या कयाकमधून तासभर फिरलो, तेव्हापासून घरात हाच विषय आहे.

मुख्य कारण मात्र सासरे. वय ६८. त्यांचं सगळं लहानपण या खाडीत गेलं. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांचं होडीत चढणं-उतरणं बंद झालंय. रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसतात. त्यांना पुन्हा पाण्यावर नेता आलं तर मला फार आवडेल.

गाडी लहान, टपावर कॅरिअर नाही, त्यामुळे हवा भरायचाच हवा. बोर्ड, सीट आणि दोन पात्यांचं वल्हं असा संच ३० हजारांच्या आत बसवायचा आहे. उभं राहून आम्ही, बसून सासरे, असा विचार आहे. हे खरंच दोन्ही कामं करतं का? घेताना काय बघायचं?

वल्हेकरी | रविवार, ९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

शिंपलेताई, माझ्याकडे असा संच तीन वर्षं आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी हे समजून घ्या की बोर्ड तोच राहतो. त्यावर चार डी-रिंगांना (बोर्डवर चिकटवलेल्या D आकाराच्या कड्या) पट्ट्यांनी सीट अडकवायची. वल्ह्याचा दांडा तुकड्यांचा असतो, वरची मूठ काढून तिथे दुसरं पातं बसवलं की दोन बाजूंनी वल्हवता येतं. एवढाच बदल. कयाकमध्ये माणूस पाण्याच्या पातळीला बसतो, दोन्ही बाजूंना कडा असतात, त्यांना गुडघे टेकवून होडी ताब्यात ठेवता येते. इथे तुम्ही सहा इंच जाडीच्या सपाट पाटावर बसता, आधाराला कड नाही. वल्ह्यावरून पाणी ठिबकून मांड्या भिजतात. थंड देशात हा त्रास असेल, आपल्या खाडीत नाही.

तरी मी पुन्हा हाच घेईन. का ते पुढे कधीतरी लिहितो, आज उशीर झालाय.

घेताना बघायच्या गोष्टी: लांबी साडेदहा ते अकरा फूट. रुंदी ३२ ते ३४ इंच, तुम्ही मुलीला पुढे बसवणार असाल तर ३३-३४ च घ्या. जाडी सहा इंच. चार इंचाचे बोर्ड स्वस्त मिळतात, मोठं माणूस मध्ये बसलं की ते केळ्यासारखे वाकतात आणि मग पाणी कापतच नाहीत.

वल्ह्याची लांबी हा मुद्दा कोणी सांगत नाही. उभं राहताना ते तुमच्या उंचीपेक्षा सहा ते आठ इंच जास्त हवं. बसताना, बोर्ड इतका रुंद असल्यामुळे, दोन्ही पाती जोडून २३० सेंटीमीटर तरी हवं. संचातलं वल्हं अनेकदा आखूड असतं. मग प्रत्येक हाताला दांडा बोर्डच्या कडेवर आपटतो आणि अर्ध्या तासात खांदे भरून येतात. दुकानात जोडून मोजा.

सीटसोबत पाय टेकवायची पट्टी येते का ते विचारा. पायांना रेटा मिळाला नाही तर माणूस दर पाच मिनिटांनी पुढे घसरतो आणि पाठ सीटपासून सुटते. तुमच्या सासऱ्यांसाठी मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

शिंपले | सोमवार, १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

वल्हेकरी, मनापासून धन्यवाद. वल्ह्याच्या लांबीचं डोक्यातही आलं नव्हतं. सीट बोर्डवर नेमकी कुठे बांधायची? डी-रिंग ठरलेल्या जागी असतात ना?

वल्हेकरी | सोमवार, १० नोव्हेंबर, सकाळी ८:३०

बोर्डच्या मध्यावर उचलायची मूठ असते, तोल तिथे असतो. बसल्यावर पाय पुढे जातात, म्हणून बूड त्या मुठीच्या थोडं मागे यायला हवं. काही बोर्डांवर डी-रिंग इतक्या मागे चिकटवलेल्या असतात की शेपूट पाण्यात आणि नाक आभाळात राहतं, वारा ते नाक धरून बोर्ड फिरवतो. पट्ट्या सैल-घट्ट करून चार-पाच इंच जुळवता येतात, त्याहून जास्त नाही. पाण्यात बाजूने कुणीतरी बघायला हवं, बसणाऱ्याला कळत नाही.

आणि बसून वल्हवताना मधला फिन, म्हणजे बोर्डच्या तळाला मागे लावलेला उभा पंख, काढू नका. दोन बाजूंनी मारलेल्या हातांमुळे फिनशिवाय बोर्ड डावी-उजवीकडे डोलत राहतो. खाडी उथळ असेल तर आठ-नऊ इंचांच्या फिनऐवजी चार-पाच इंचांचा लवचिक फिन लावा.

मापटं | सोमवार, १० नोव्हेंबर, दुपारी १:२०

माझा व्यवसाय यंत्रांचा आहे, पाण्याचा अनुभव कमी, तेव्हा हवा आणि कापड एवढ्यावरच लिहितो.

या बोर्डांची रचना ड्रॉप-स्टिच म्हणून ओळखली जाते. वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी एकमेकांना बांधलेला असतो. गादीला टाके घातले नाहीत तर कापूस एका जागी गोळा होऊन ती फुगते, टाक्यांमुळे सपाट राहते, तसंच हे. म्हणून यात १२ ते १५ पीएसआय (दाब मोजायचं एकक) इतका दाब भरता येतो आणि तो लाकडी फळीसारखा ताठ होतो. पोहण्याच्या तलावात तरंगणाऱ्या साध्या गाद्यांशी याची तुलनाच नको. सीटसकट मिळणाऱ्या फार स्वस्त संचांत कधीकधी ड्रॉप-स्टिच नसतंच, वर्णनात तो शब्द शोधा.

साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद, सहा इंच जाड बोर्डचं आकारमान साधारण ३०० लिटर निघतं. म्हणजे दोन माणसं बसली तरी तो बुडणार नाही. पण वजनमर्यादा बुडण्यासाठी लिहिलेली नसते, वाकण्यासाठी असते. ती १२० किलो असेल तर एक मोठं माणूस आणि एक मूल इथपर्यंतच थांबा.

ऊन. हिशोब करून दाखवतो. सकाळी २५ अंशाला १५ पीएसआय भरला. त्यात वातावरणाचे १४.७ मिळवले की खरा दाब २९.७. बोर्ड वाळूवर उन्हात पडून आतली हवा ५० अंशाला गेली तर तो ३२.२ होतो, म्हणजे काट्यावर १७.५. हवा भरून बोर्ड उन्हात ठेवून जेवायला गेलात तर शिवणीवर हा जादा ताण तासन् तास राहतो, आणि उष्णतेने डिंकही मऊ पडतो. सावलीत ठेवा, नाहीतर दोन-तीन पीएसआय सोडून द्या. बंद गाडीत तर मुळीच फुगवलेला ठेवू नका.

व्हॉल्व्हच्या मधोमध स्प्रिंगवरची एक खुंटी असते. ती वर असेल तर व्हॉल्व्ह बंद, दाबून फिरवून आत अडकवली तर हवा बाहेर. पंप लावण्याआधी ती वर आहे ना ते बघायचं. दहा मिनिटं घाम गाळून भरलेली हवा नळी काढताक्षणी निघून जाताना मी एका मित्राकडे पाहिली आहे.

हाताच्या पंपाने सात-आठ पीएसआयपर्यंत सोपं जातं, पुढे अंगाचं वजन टाकावं लागतं. गाडीच्या सॉकेटवर चालणारा १२ व्होल्टचा पंप सोयीचा आहे. त्यावर साधारण ११० वॉट लिहिलेलं असतं. तुमच्या गाडीच्या सॉकेटला तेवढे झेपतात का ते बघून घ्या आणि पंप चालू असताना इंजिन चालू ठेवा.

आणि सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन याला चालत नाही. ते रबराचं, हे पीव्हीसी. पीव्हीसीचा वेगळा डिंक लागतो आणि ठिगळ लावल्यावर २४ तास तरी हात लावायचा नाही.

पाणवेली | सोमवार, १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

वाचतेय. मापटं, उन्हाचा हिशोब फार उपयोगी.

मी गोव्यात असते. एकच भर घालते: कुठल्याही नव्या खाडीत उतरण्याआधी तिथल्या माणसांना मगरींबद्दल विचारा. आमच्याकडे कुंभारजुवेंच्या कालव्यात मगरी आहेत, लोक बोटीतून बघायला जातात. चिपळूणकडे वाशिष्ठीतही आहेत. आंजर्ल्याचं तुमच्या सासऱ्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

देवगडचा तांडेल | सोमवार, १० नोव्हेंबर, रात्री ८:५०

ताई, बोर्डातलं मला काही कळत नाही. ३० वर्षं होडी चालवतोय, पाणी आणि वारा थोडा कळतो. तुम्ही मूल आणि म्हातारं माणूस घेऊन उतरणार म्हणून लिहितो.

थंडीच्या दिवसांत पहाटेपासून मतलई असते, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं दिसतं, कारण झाडं आणि डोंगर वारा अडवतात. बाहेरून येणाऱ्या माणसाला वाटतं, अशा पाण्यात काय भीती! पण खाडीच्या मुखाशी गेलात की तोच वारा तुम्हाला समुद्रात लोटतो. त्यात ओहोटी लागली असेल तर दोन्ही एकाच दिशेने ओढतात. हवा भरलेली हलकी फळी म्हणजे मतलईला पाचोळाच. होडीला वजन असतं, काही ना काही तळ असतो. तुमच्या त्या वस्तूला दोन्ही नाही.

म्हणून सकाळी मुखाकडे जायचं नाही. खाडीत वर, गावाच्या बाजूला जायचं. दुपारी खारा वारा सुटतो, तो समुद्राकडून आत येतो. तेव्हा वर गेलात तर येताना तो तोंडावर बसतो. नवख्यांनी अकराच्या आत पाण्याबाहेर यावं.

भरतीची वेळ मोबाइलवर दिसते, पण आमचा जुना हिशोबही सांगतो. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती पूर्ण. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण फसवत नाही. सहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जोरात पळतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी शांत. पहिल्यांदा भांगाच्या दिवसांतच उतरा. मुंबईला उधाणाचं पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढतं-उतरतं, गोव्याकडे ते दोन मीटरच्या आसपास येतं. तुमची दापोली त्यांच्या मध्ये.

वर जायला भरतीचा शेवटचा तास धरायचा. पाणी थांबलं की वळायचं, ओहोटी हळूहळू घराकडे आणून सोडते. मात्र आपला धक्का आला की तिथेच बाहेर पडायचं. "अजून थोडं" म्हणून खाली गेलात की मुखच येतं.

खडकाला कालवं, म्हणजे धारदार शिंपले, चिकटलेली असतात. पाय कापतो, तुमची फळीही कापेल. जुने बूट घालूनच उतरा. जाळ्याचे बोये दिसले तर लांबून वळसा घ्या, त्यावरून जाऊ नका. कुणाचं तरी पोट आहे ते.

शिंपले | सोमवार, १० नोव्हेंबर, रात्री १०:१०

तांडेलकाका, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवला. पाऊणपटीचा हिशोब ऐकताच म्हणाले, "हे मला माझ्या वडलांनी शिकवलं होतं." मग अर्धा तास बोलत होते. बोर्डचं अजून त्यांना सांगितलेलं नाही.

सॅन होजेकर | मंगळवार, ११ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

माझं मत थोडं वेगळं आहे. तुम्ही तीन-चार माणसं, त्यात एक ज्येष्ठ. अशा वेळी सरळ दोन सीटची हवा भरायची कयाक घ्यावी. तिला तीन वेगवेगळे हवेचे कप्पे असतात, एक फाटला तरी बाकीचे तरंगत ठेवतात. पॅडल बोर्डला बहुधा एकच कप्पा असतो. बाजूच्या फुगीर कडांमुळे घरातल्या मोठ्यांना बसल्यावर सुरक्षित वाटतं, माझ्या आईला वाटलं. डेकॅथलॉनच्या इटिविट मालिकेत कयाकही आहेत आणि पॅडल बोर्डवर लावायची वेगळी सीटही आहे, त्यामुळे दोन्ही प्रकार शेजारी ठेवून बघता येतील. बेस्टवे कंपनीच्या हायड्रो-फोर्स मालिकेत सीट आणि बदलत्या वल्ह्यासकट संच येतो.

इथे अमेरिकेत 'बोट' (BOTE) नावाच्या कंपनीचा लोनो एअरो आहे, साडेबारा फुटांचा. तो मुळातच कयाक आणि बोर्ड दोन्ही म्हणून बनवलेला आहे, चांगला आहे, पण तुमच्या बजेटच्या कितीतरी पलीकडे.

इथून कोणी आणून देणार असेल तर पंपासकट पिशवी तोलून बघायला सांगा. बहुतेक संच २३ किलोंत बसतात. अडतं ते मापात: लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटरची मर्यादा असते आणि या पिशव्या लांब असतात.

लाइफ जॅकेटबद्दल कोणी अजून लिहिलं नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २००८ साली पॅडल बोर्डला जलवाहन ठरवलं. त्यामुळे लाटांच्या पट्ट्याबाहेर गेलं की प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट हवंच, आणि आमच्या कॅलिफोर्नियात १३ वर्षांखालच्या मुलांच्या ते अंगातच हवं. कायदा इथला असला तरी पाणी सगळीकडे पाणीच.

वल्हेकरी | मंगळवार, ११ नोव्हेंबर, रात्री ९:२५

सॅन होजेकर, कप्प्यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. फक्त सासऱ्यांचा विचार केला तर मीही कयाक म्हणेन. पण एक गोष्ट बघा. कयाकच्या कडा ओलांडून खाली बसायचं आणि मग तिथून उठायचं, हे शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यांना अवघड जातं. बोर्ड मांडीभर पाण्यात नेला की त्याची कड कमरेखाली येते. पाठ करून उभं राहायचं, पलंगावर टेकावं तसं टेकायचं, मग कुणीतरी पाय उचलून वर घ्यायचे. उतरतानाही तसंच, पाय बाजूला सोडायचे की उभेच. माझ्या मावशीला मी असंच बसवतो, तिचे गुडघे फार वाईट आहेत. सीटची पाठ आधी बांधून ठेवायची आणि एकाने बोर्ड दुसऱ्या बाजूने दाबून धरायचा. डॉक्टरांना मात्र आधी विचारा.

आता मी पुन्हा हाच का घेईन ते.

पहिल्या वर्षी फेब्रुवारीत अलिबागच्या बाजूला एका खाडीत दुपारी एकटाच उतरलो. उभ्याने, एका पात्याच्या वल्ह्याने. सीट आणि दुसरं पातं गाडीत ठेवलं, कारण त्या दिवशी बसायचं नव्हतं. खारा वारा पाठीवर होता, वीस मिनिटांत दीड किलोमीटर आत गेलो आणि आपण छान वल्हवतोय असं वाटलं. वळल्यावर कळलं की ते सगळं वाऱ्याचं काम होतं. उभं राहिलो की अंगाचं शीड व्हायचं आणि बोर्ड मागे जायचा. गुडघ्यांवर बसून वल्हवलं, तर एका बाजूने चार हात मारेपर्यंत वारा नाक फिरवायचा. पोटावर झोपून हाताने ओढत आलो. शेवटी कांदळवनात शिरलो, बोर्ड ओढत गुडघाभर चिखलातून बांधावर पोचलो. अंधार पडला होता. घरी बायको फोन लावत होती, फोन गाडीत.

पुढच्या महिन्यात तसाच वारा लागला. या वेळी दुसरं पातं बोर्डच्या नाकावरच्या इलॅस्टिकखाली बांधलेलं होतं. खाली बसलो, मूठ काढून पातं लावलं, पाय पट्टीला टेकवले आणि सरळ रेषेत परत आलो. वेळ लागला, पण पुढे सरकत होतो. बसल्यावर वाऱ्याला धरायला अंग निम्मं उरतं आणि दोन बाजूंनी हात मारल्यामुळे नाक वाऱ्यातच राहतं.

माझ्या दृष्टीने या संचाची खरी किंमत त्या दुसऱ्या पात्यात आहे. साधा बोर्ड वाऱ्यात अडकवतो, हा घरी आणतो. म्हणून उभ्याने फिरायला निघालात तरी ते पातं बरोबर बांधलेलं हवं, आणि पाण्यात बसून मूठ काढून पातं लावायचा सराव शांत पाण्यात आधी करून ठेवा. काही वल्ह्यांची मूठ चिमट्याने सहज निघते, काहींची स्क्रूने घट्ट केलेली असते. स्क्रूवालं घेऊ नका.

उत्तरवारा | बुधवार, १२ नोव्हेंबर, पहाटे ३:५०

मी ब्रिस्टलला राहते. एका गोष्टीवर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बोर्डसोबत घोट्याला बांधायची दोरी येते, लीश. पडलात तर बोर्ड वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून. तलावात आणि शांत पाण्यात ती हवीच. पण वाहत्या पाण्यात घोट्याची दोरी जीव घेऊ शकते. ३० ऑक्टोबर २०२१ ला आमच्या शेजारच्या वेल्समध्ये, हॅवरफर्डवेस्ट गावात, पॅडल बोर्डवर निघालेला एक गट पूर आलेल्या नदीतल्या बंधाऱ्यावरून खाली गेला. चार जण गेले. नंतर सागरी अपघातांच्या तपास अहवालात लीशच्या प्रकाराचाही मुद्दा होता. बंधाऱ्याखाली पाणी उलटं फिरत राहतं. बोर्ड एकीकडे अडकतो, माणूस दुसरीकडे, आणि प्रवाहात वाकून घोट्यापर्यंत हात पोचतच नाही.

उपाय आहे: कमरेला पट्टा आणि त्याला ओढताक्षणी सुटणारी लीश. पुढे एक गोळा किंवा मूठ असते, ती ओढली की सुटका. जाळ्यांचे खुंट आणि ओहोटीची ओढ असलेल्या खाडीतही मी तीच वापरायला सांगेन. आणि बसून वल्हवताना तर घोट्याची दोरी पायपट्टीत गुंतते.

माझं गाव शिरोळकडचं. पंचगंगा-कृष्णेवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बघत मोठी झाले. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असताना वरच्या बाजूने पाण्याची फक्त एक सरळ रेघ दिसते, खाली काय चाललंय ते दिसत नाही. कोणी घाटावर असा बोर्ड घेऊन जाणार असेल तर बंधाऱ्याच्या आसपाससुद्धा फिरकू नका.

देवगडचा तांडेल | बुधवार, १२ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

उत्तरवारा ताईंनी लाखमोलाचं लिहिलं. खाडीत दोरी खुंटाला अडकून आमच्याकडेही माणसं गेली आहेत.

मापटं | बुधवार, १२ नोव्हेंबर, सकाळी १०:००

लाइफ जॅकेटवर ५०, १०० असे न्यूटनचे, म्हणजे तरंगवण्याच्या ताकदीचे, आकडे असतात. ५० चं पोहता येणाऱ्यासाठी, मदत जवळ असताना. हालचालीला मोकळं असतं, वल्हवताना काखेत रुतत नाही. १०० चं शांत पाण्यात माणसाला तोंड वर करून तरंगवण्यासाठी बनवलेलं असतं, पण जाड असतं. मुलांचं वयावर घेऊ नका, वजनावर घ्या, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जॅकेट कानापर्यंत चढतं. सीटवर बसणाऱ्यासाठी पाठीमागचा भाग आखूड किंवा उंचावर असलेलं बघा, म्हणजे सीटच्या पाठीत अडकणार नाही.

पानशेतची वाट | बुधवार, १२ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

पुण्याजवळ सराव करायला कुठे उतरता येईल? खडकवासला, पानशेत चालेल का?

वल्हेकरी | बुधवार, १२ नोव्हेंबर, रात्री ८:००

धरणाच्या पाण्यात परवानगीशिवाय उतरू नका. ते जलसंपदा खात्याच्या ताब्यात असतं, खडकवासल्याचं तर शहराला प्यायला जातं. काठ दिसतो तिथून दोन पावलांवर खोल असतं आणि तळाला गाळ. जिथे परवाना असलेलं जलक्रीडा केंद्र आहे तिथे विचारून, त्यांची बोट जवळ असताना सराव करा.

शिंपले | शनिवार, २९ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सगळ्यांचं वाचून, वहीत उतरवून, शेवटी घेतला. ११ फूट, ३४ इंच, ६ इंच, ड्रॉप-स्टिच, सुटा होणारा फिन, वल्हं जोडून २३० सेंटीमीटर. मूठ चिमट्याने निघते. कमरेची लीश आणि पायपट्टी वेगळी घ्यावी लागली, त्यामुळे बजेट साडेचार हजारांनी ओलांडलं. लाइफ जॅकेटचा खर्च आम्ही आधीच वेगळा धरला होता. आम्हा दोघांना ५० ची, मुलीला वजनाप्रमाणे पट्ट्याची आणि सासऱ्यांसाठी १०० चं.

एक अनुभव इतरांसाठी नोंदवते. पहिला बोर्ड एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आला. मापटं यांच्या सांगण्यावरून हॉलमध्ये १२ पीएसआयपर्यंत भरून रात्रभर ठेवला. सकाळी काटा सातवर. साबणाचं पाणी लावल्यावर शेपटीच्या शिवणीवर बुडबुडे दिसले. परत पाठवायला आठ दिवस आणि सतरा फोन लागले. दुसरा दुकानात जाऊन, समोर भरून घेतला. मुदत संपायच्या आत घरी भरून बघा, कोकणात जाऊन पिशवी उघडू नका.

मापटं | रविवार, ३० नोव्हेंबर, सकाळी ९:१०

(मी तसं कुठे लिहिलं नव्हतं, पण योग्य केलंत.) रात्री तापमान उतरतं म्हणून अर्धा-एक पीएसआय कमी होणं साहजिक आहे, पाच नाही.

शिंपले | सोमवार, १५ डिसेंबर, रात्री ९:५५

खरंच की, ते तुम्ही फोनवर मित्राला सांगितल्यासारखं माझ्याच मनाने धरलं! असो, कामाला आलं.

काल दशमी होती. पाऊणपट साडेसात. सात वाजता धक्क्याच्या वरच्या अंगाला, वाळूच्या जागी उतरलो. आधी मी उभ्याने जाऊन आले. पहिल्या दहा मिनिटांत दोनदा पडले, मग पाय पाण्याची हालचाल ओळखायला लागले. मतलई मानेला लागत होती. मुलगी पुढे मांडी घालून बसली होती, तिने पाणकावळे मोजले.

सासऱ्यांना डॉक्टरांनी अट घातली होती, गुडघा पूर्ण वाकवून ताण द्यायचा नाही. वल्हेकरींनी सांगितलं तसं मांडीभर पाण्यात टेकवलं, नवऱ्याने पलीकडून बोर्ड दाबून धरला, मी पाय वर घेतले. एक मिनिटही लागलं नाही. नवरा कमरेभर पाण्यात दोर धरून बाजूने चालत होता. पहिले चार-पाच हात त्यांनी लगीवाल्या होडीसारखे एकाच बाजूने मारले, बोर्ड गोल फिरला. मग वल्हं आडवं धरून थोडा वेळ नुसते बसले. त्यानंतर दोन्ही बाजूंनी जे मारायला लागले, ते नवऱ्याला चालत गाठता येईना. दोर सोडू का असं त्याने विचारलं तर नको म्हणाले, पण वेग कमी केला नाही.

पावणेआठच्या सुमारास पाणी थांबलं. कांदळवनाच्या वळणाशी त्यांनी बोर्ड थांबवला, पाण्यात हात घातला आणि म्हणाले, "आता वळायचं." आमच्या मोबाइलमधली वेळ अजून पंधरा मिनिटं पुढे होती. कडेला अडकलेलं एक सुकं पान त्याच वेळी हळूच समुद्राच्या दिशेने निघालं होतं.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन माडाच्या सावलीत वाळवला. दुपारी ते स्वतः जाऊन व्हॉल्व्हची खुंटी वर-खाली करून बघत होते.

आता एक प्रश्न. त्यांच्या उंचीला पायपट्टी फार पुढे येते. बोर्डवर आणखी दोन डी-रिंग चिकटवून घेता येतील का? दापोलीत कोणी करेल असं वाटत नाही, घरीच करावं लागेल.

मापटं | सोमवार, १५ डिसेंबर, रात्री १०:४०

येतील. पीव्हीसीचा गोल तळ असलेली डी-रिंग मिळते, तळ किमान तीन-साडेतीन इंच व्यासाचा घ्या. बोर्डमध्ये थोडीच हवा ठेवा, म्हणजे पृष्ठभाग सपाट राहील पण ताणलेला नसेल. वरचा मऊ फोम डिंकाने चिकटवलेला असतो, त्यावर डी-रिंग टिकत नाही. तेवढा गोल कापून खालचं पीव्हीसी उघडं करावं लागेल. कापताना पातं खाली लागू देऊ नका. दोन्ही बाजू बारीक सँडपेपरने घासून, पुसून, डिंकाचे दोन पातळ हात, हाताला चिकटेनासा झाला की दाबून वर वजन. दमट हवेत डिंक नीट धरत नाही, म्हणून हे काम पुण्यातच, आत्ताच्या कोरड्या थंडीत उरका.

देवगडचा तांडेल | मंगळवार, १६ डिसेंबर, सकाळी ५:४०

ताई, पुढचा भांग सत्तावीस-अठ्ठावीसला. तेव्हा भरती पहाटे होऊन जाते, म्हणून सकाळी वर जाताना ओहोटीच्या विरुद्ध जावं लागेल, येताना ती आणेल. बाबांना माझा नमस्कार सांगा.